चौदाचे अठरा

१

लहानूकाकांची अर्धी बाग कापून झाली, आणि मग कळलं की द्राक्षं आंबट आहेत.

द्राक्ष आंब्यासारखं नसतं. अढीत घालून पिकत नाही. वेलीवरून उतरवलं तेव्हा जेवढं गोड, तेवढंच गोड. म्हणजे पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये माल निवडायला त्या दिवशी क्रेट उघडले, एका बाईनं मणी तोंडात टाकला आणि तिचं तोंड वाकडं झालं, तेव्हा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दुपारी मला रोहिणीचा फोन.

"ओम्या, मी चौदाच टाकले होते रे."

"काय चौदा?"

"शुगर. लहानूकाकांची. मी चौदा टाकले. स्क्रीनवर अठरा आहेत."

रोहिणी शुगर बघते. स्कूटीवर दिंडोरीच्या बागा फिरते, मणी पिळून एक थेंब मीटरच्या काचेवर टाकते, उजेडाकडे धरून आकडा वाचते आणि फोनवरून पॅकहाउसच्या प्रोग्रॅमला पाठवते. सोळाच्या वर गेलं की प्रोग्रॅम म्हणतो 'काढा'. खाली असलं तर 'थांबा'. 'काढा' दिसलं की दुसऱ्या दिवशी पहाटे काढणाऱ्या मजुरांची गँग बागेत.

आदल्या दिवशी तिनं दोन बागा बघितल्या होत्या. सकाळी लहानूकाकांची, संध्याकाळकडं गोजराबाईंची. गोजराबाईंची अठरा आली, ती बरोबरच होती. पण लहानूकाकांच्या नावापुढंही अठराच.

"पॅकहाउसचा शेठ काय म्हणतो माहितीये? मी लहानूकाकांकडं गेलेच नाही. गोजराबाईंकडं बसून चहा पिला आणि एकच आकडा दोघांना लावला. सोमवारी सगळ्या पॅकहाउसवाल्यांची मीटिंग आहे. तिथं सांगणारे." मग जरा थांबून म्हणाली, "लोक माझ्या आकड्यावर बाग कापतात ओम्या. आकडाच खोटा म्हटल्यावर माझ्या हातात मीटर कोण देईल?"

मी म्हटलं, येतो.

खरं कारण वेगळं होतं. तो प्रोग्रॅम आमच्या क्लासच्या कोंडाजी सरांनी लिहिलेला. आणि सरांचा प्रोग्रॅम चुकतो हे मला ऐकायचंच नव्हतं.

२

सिडकोत एक पिठाची गिरणी आहे. तिच्या वर सरांचा क्लास होता.

खाली चक्की सुरू झाली की वर टेबलं थरथरायची. कीबोर्डवर रोज पिठाचा थर. आल्याआल्या ब्रश घेऊन बटणं साफ करायची, मगच मशीन चालू. बाहेर सगळीकडं जावा, टॅली, डीटीपी. आमच्याकडं स्कीम नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा. फक्त कंस. कंसात कंस, त्यात अजून कंस. गव्हाच्या पिठाचा वास आला की मला अजून कंस आठवतात.

सरांनी भाषेतल्या शब्दांना मराठी नावं दिली होती. वस्तू एकापुढं एक ठेवून नवी माळ करायची तर 'यादी'. एक वस्तू दुसरीच्या पुढं अडकवायची तर 'जोड'. आणि सरांची लाडकी गोष्ट म्हणजे 'साचा'. त्यात वस्तू जशी दिसायला हवी तशीच लिहायची, बदलणाऱ्या जागेवर फक्त एक स्वल्पविराम. सर म्हणायचे, "साच्यात लिहा रे. वाचणाऱ्याच्या डोळ्याला दिसलं पाहिजे."

शनिवारी झाडू असायचा. म्हणजे जागा बदलायच्या, दुसऱ्याच्या प्रोग्रॅमसमोर बसायचं आणि तो नीटनेटका करून द्यायचा. काम तेच राहिलं पाहिजे, दिसणं सुधारलं पाहिजे. आमच्याबरोबरचा साई त्यात एक नंबर. त्याचं अक्षरही तसंच होतं, मोत्यासारखं.

आणि रविवारी मिसळ. प्लेट प्रत्येकाची, रस्स्याची बादली टेबलाच्या मधोमध. एकदा साईनं लिंबू उचललं आणि सरळ बादलीतच पिळलं. त्याला आंबट लागतं म्हणून. सगळ्यांची मिसळ आंबट. रोहिणी त्याला महिनाभर 'लिंबू' म्हणत होती.

मग पोरं जावा शिकायला पुण्याला गेली आणि क्लास बंद पडला. मी कॉलेजला गेलोच नाही. पुढचं माझं मीच शिकलो, रात्रंदिवस, चुकत-चुकत. पण सुरुवात त्या पिठातली.

३

पॅकहाउसचा मालक सावळीराम शेठ. माणूस तसा वाईट नाही. पण त्या दिवशी पेटलेला.

"ओम भाऊ, सिंपल आहे. आकडा फक्त तिच्या फोनवरून येतो. मी बदलू शकत नाही. मग कोणी बदलला? भुतानं?"

"कंटेनर भरायचा होता ना शेठ तुम्हाला? माल कमी पडत होता म्हणे."

"हां, म्हणून मी आंबट माल भरीन? परदेशातून परत आला तर कोणाचं नाव जाईल? माझंच ना?"

हे पटलं.

"आणि प्रोग्रॅमचं म्हणशील," शेठ म्हणाला, "तर दुसऱ्या दिवशी हिनंच लहानूच्या आकड्याचे परत चौदा केले. झाले. गोजराबाईचे अठरा जागच्या जागी. म्हणजे प्रोग्रॅम बरोबर चालतोय. बिघडलंय ते माणूस."

रोहिणी कोपऱ्यात उभी होती. तिनं मीटरचं झाकण उघडलं, बंद केलं. परत उघडलं.

मग साई. तोच साई. पॅकहाउसची मशीनं आता तो सांभाळतो. जुनं मशीन गेलं म्हणून याच सीझनला त्यानं सरांचा प्रोग्रॅम नव्या मशीनवर आणला होता.

"मी जेवायला बसलो तेव्हा स्क्रीनवर लहानूकाकांचे चौदा होते," तो म्हणाला. "मी स्वतः बघितलेत. 'थांबा' होतं."

शेठ उसळला. "आणि संध्याकाळी मी मशीन बंद करताना अठरा! मीही स्वतः बघितलेत!"

म्हणजे दुपारी चौदा, संध्याकाळी अठरा. मधल्या वेळात कोणीतरी बदललं. आणि त्या मधल्या वेळात रोहिणीच्या फोनवरून एकच गोष्ट आली होती. गोजराबाईंचा आकडा.

"साई, तू प्रोग्रॅममध्ये काही बदललं होतंस?"

"नाही रे. शपथ. सरांच्या प्रोग्रॅममध्ये मी बदल करीन? काहीच बदललं नाही."

तो डोळ्यात बघून बोलत होता. साईला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. कान लाल झाले नव्हते.

दारात लहानूकाका उभे होते. लग्नाला इगतपुरीला गेलेले, म्हणून गँग आली तेव्हा बागेत नव्हते. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. रोहिणीला म्हणाले, "पोरी, तू आलती ना माझ्या बागंत? खरं सांग. आलती म्हन, मी मानंल."

"आले होते काका. विहिरीकडच्या ओळीतले मणी घेतले."

"मंग माझ्या मालाचं असं कसं झालं गं?"

 

४

मी मशीनसमोर बसलो. सरांचा प्रोग्रॅम उघडला. तेच कंस, तीच मराठी नावं.

प्रत्येक बागेची प्रोग्रॅममध्ये एक माळ असते. आधी नाव, मग शुगर, मग निकाल. नवी बाग आली की 'नवा-प्लॉट' म्हणायचं, माळ तयार. सुरुवातीला शुगर शून्य, निकाल 'थांबा'. आकडा आला की त्याच माळेत तो आकडा आणि निकाल बदलतो.

म्हटलं, करूनच बघू. हातानं टाइप केलं:

(नवा-प्लॉट "अ")
(नवा-प्लॉट "ब")

'अ'ला चौदा दिले. 'ब'ला अठरा दिले. 'अ' बघितला.

चौदा. 'थांबा'.

परत केलं. उलटसुलट केलं. आकडे बदलून केलं. दरवेळी ज्याचं त्याला.

मागं शेठ उभा होता. "झालं समाधान?"

रोहिणी दारातून माझ्याकडं बघत होती. मी तिची बाजू घ्यायला आलो होतो, आणि तिच्याविरुद्धचा पुरावा मीच स्वतःच्या हातानं टाइप केला होता.

५

सर आता मखमलाबाद रोडला राहतात. मी पोचलो तेव्हा अंगणात शेवग्याच्या शेंगा निवडत बसले होते. केस पांढरे. चष्मा तोच, दोरीवाला.

"ओम? जाड झालास."

"सर, तुमचा प्रोग्रॅम..."

"आधी पाणी पी."

मी सगळं सांगितलं. सर शेंगा मोडत ऐकत होते. मध्येच म्हणाले, "नावं चुकली होती का?"

"नाही सर. नावं बरोबर. लहानूचं लहानू, गोजराबाईचं गोजराबाई."

"फक्त नावाच्या मागचं सारखं झालं."

"हो."

"आणि निकाल?"

"तोही. दोघांचा 'काढा'."

"दोन्ही बागा त्याच दिवशी नव्या घातलेल्या?"

हे मी विचारलंच नव्हतं. रोहिणीला फोन लावला. ती म्हणाली, हो, दोन्ही यंदा पहिल्यांदाच आल्यात, सकाळी निघायच्या आधी तिनंच एकामागून एक घातल्या. एका दिवशी दोन नव्या बागा असं या सीझनला पहिल्यांदाच झालं.

"संध्याकाळी शेठ मशीन बंद करतो?"

"रोज. सकाळी चालू करतो. माहिती डिस्कवरून परत वाचली जाते."

सरांनी शेंग खाली ठेवली. "म्हणजे गुन्ह्याची जागा रोज रात्री आपोआप धुतली जाते. डिस्कवरून वाचताना दोन माळा दोन होऊन येतात. म्हणून दुसऱ्या दिवशी रोहिणीनं दुरुस्त केलं तेव्हा सगळं शहाण्यासारखं चाललं."

"पण सर, मी करून बघितलं ना. नव्यानं. दोन प्लॉट केले. बरोबर चालतं."

"कसे केलेस?"

"नवा-प्लॉट अ, नवा-प्लॉट ब."

"दोनदा लिहिलंस."

"हो."

"पॅकहाउसमध्ये कोण दोनदा लिहितं?"

मला कळलं नाही. सर हसले. तेच हसू, वरच्या मजल्यावरचं, पिठातलं.

"उद्या रविवार. सगळ्यांना मिसळीला बोलव. शेठला, लहानूला, साईला. आणि लॅपटॉपवर तो प्रोग्रॅम घेऊन ये. नव्या मशीनवरचा."

"सर, कोणी केलंय?"

"मला वाटतं," सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला, "मीच."

६

तेच हॉटेल. टेबलं बदललीत, बादली तीच. शेठ घड्याळ बघत होता. लहानूकाका टोपी मांडीवर घेऊन बसलेले. रोहिणी टेबलाच्या टोकाला, मीटरची पिशवी पोटाशी धरून.

सरांनी लॅपटॉप पुढं ओढला. स्क्रीनवर 'नवा-प्लॉट'ची व्याख्या होती. आतली ओळ सुंदर होती, साच्यात लिहिलेली. नाव, शून्य, थांबा. वाचताच कळावी अशी.

सरांनी ती ओळ वाचली.

"साई."

"सर?"

"तू काही बदललंस का असं तुला सगळ्यांनी विचारलं. मी वेगळं विचारतो. झाडू मारलास का?"

साईचा चमचा हवेत थांबला.

"हो सर," तो म्हणाला. "तो मारला. तुमचा प्रोग्रॅम होता. नव्या मशीनवर नेताना म्हटलं नीट करून ठेवावा. तिथं तुम्ही नुसतं 'यादी' लिहिलं होतं, ते जरा... म्हटलं घाईत लिहिलं असेल सरांनी. साच्यात बसवलं. काम तेच आहे ना सर? शनिवारी करायचो तसं."

"तपासलंस?"

"हो! दोन प्लॉट करून. अ आणि ब."

मी केलं होतं तसंच, अगदी तसंच. आम्ही एकाच क्लासची पोरं.

शेठ म्हणाला, "सर, मला हे कंसबिंस समजत नाही. मराठीत सांगा."

"मराठीतच आहे," सर म्हणाले. "हे बघा. 'नवा-प्लॉट' हा मॅक्रो आहे. मॅक्रो म्हणजे शॉर्टकट. मशीन आधी तो उघडतं, त्याच्या जागी लांबलचक ओळ घालतं आणि मग ती ओळ चालवतं. आपण लिहिलेलं चालत नाही, उघडलेलं चालतं. आणि साईचा साचा, तोसुद्धा मॅक्रोच. तोही उघडतो. ओम, उघडून दाखव."

मी उघडायची कमांड दिली. सरांच्या मराठीत वाचायचं तर असं आलं:

(जोड नाव '(0 थांबा))

"बघा. साच्यात नाव बदलतं, म्हणून नावापुरतं दरवेळी नवं बनतं. पण शून्य आणि थांबा कधी बदलत नाहीत. मग मशीन म्हणतं, हे कशाला दरवेळी बनवू? एकदाच छापून ठेवतं, प्रोग्रॅमच्या अंगावरच. याला लिटरल म्हणतात. आणि प्रत्येक नव्या नावामागं तीच छापलेली शेपटी अडकवतं. वरून कुठंही दिसत नाही. लिटरल काय आणि नवं काय, हे मॅक्रो उघडल्यावर ठरतं."

शेठला तरी कळलं नाही. सरांनी रस्स्याच्या बादलीवर बोट ठेवलं.

"प्लेट प्रत्येकाची. रस्सा एक. लहानूची प्लेट वेगळी, गोजराबाईची वेगळी, म्हणून नावं बरोबर. पण शुगर आणि निकाल बादलीत. रोहिणीनं सकाळी बादलीत चौदा टाकले. साईनं दुपारी चौदाच बघितले. संध्याकाळी तिनं गोजराबाईचे अठरा टाकले, ते त्याच बादलीत. मग लहानूच्या प्लेटला काय मिळणार?"

"अठरा," लहानूकाका म्हणाले. शेठच्या आधी.

"पण मग आमच्या अ आणि ब ला का नाही झालं?" मी विचारलं.

"तू ओळ दोनदा लिहिलीस. मॅक्रो दोनदा उघडला, दोन शेपट्या छापल्या गेल्या. दोन बादल्या. पॅकहाउसमध्ये ती ओळ एकाच जागी लिहिलीये, 'बाग घाला' बटणाच्या मागं. मॅक्रो उघडला एकदाच. मग बटण कितीही वेळा दाबा, बादली एकच. करून बघ."

मी बटणाच्या रस्त्यानं दोन बागा घातल्या. पहिलीला चौदा दिले. पहिली बघितली, चौदा. दुसरीला अठरा दिले. परत पहिली बघितली.

अठरा. 'काढा'.

रोहिणीनं स्क्रीन स्वतःकडं वळवली, त्या अठरावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसली.

७

साईचे कान लाल झाले होते. आता. "सर, मी..."

"तू काय केलंस? मी शिकवलं तेच केलंस." सरांनी चष्मा काढून दोरीवर सोडला. "साचा छापील असतो हे मला माहीत होतं. म्हणून स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये मी गुपचूप 'यादी' लिहिलं. यादी दरवेळी सगळंच नवं बनवते. पण तुम्हाला शिकवताना वाटलं, आत्ता नको, पुढच्या वर्षी सांगू. पोरं नुकती कंसांना सरावलीत. मग पुढचं वर्ष आलंच नाही, क्लास गेला. सुंदर लिहायला शिकवलं मी तुम्हाला. उघडून बघायला शिकवायचं राहिलं."

मला खाली चक्की सुरू झाल्यासारखं वाटलं. टेबल थरथरल्यासारखं. नव्हतं काही.

शेठ म्हणाला, "रोहिणी, उद्या मीटिंगला तू चल माझ्याबरोबर."

"कशाला?"

"मीच बोललो होतो, मीच सांगतो. तुझ्यासमोर. आकडा बरोबर होता म्हणून."

"आणि काकांची अर्धी बाग?"

शेठनं मान खाली घातली. "लहानूभाऊ, मशीन माझं होतं. तुमचा माल चांगला धरूनच हिशोब होईल."

लहानूकाकांनी टोपी घातली. "ते बघू मागनं. राह्यलेली बाग हाय ना अर्धी?" रोहिणीकडं वळले. "पोरी, उद्या तुझी ती मीटिंग झाली की ये. माझ्याम्होरं मणी पिळ. तू काढ म्हनशील तव्हाच काढीन. मशीन काय बी म्हनू दे."

रोहिणीनं मान हलवली. मग प्लेटमधला पाव उचलून उगाच मोडत बसली.

"साई," सर म्हणाले, "लॅपटॉप घे. ती ओळ परत लिही. माझ्यासारखी."

साईनं साचा खोडला. यादी लिहिली.

"उघड."

त्यानं उघडून बघितलं. छापलेली शेपटी नव्हती. बटणाच्या रस्त्यानं दोन बागा घातल्या. चौदा, अठरा. परत बघितलं. चौदा, अठरा.

"आता कशी दिसते ओळ?"

"घाण दिसते सर."

"दिसू दे."

पोऱ्यानं गरम रस्सा आणून बादलीत ओतला. लिंबाची बशी ठेवली. साईनं एक फोड उचलली, आणि आम्ही सगळे हात थांबवून त्याच्याकडं बघायला लागलो. रोहिणीसुद्धा. तिचे डोळे ओलेच होते.

"ए लिंबू," ती म्हणाली.

साईनं हात बादलीवरून मागं घेतला, आणि स्वतःच्या प्लेटमध्ये पिळलं.